पोटोबांच्या स्वभावाचं माप

…तर असे पोटोबा भिंतीला पाठ टेकून, दोन्ही हात पसरून, श्वास आत ओढून उभे होते, इथवर आपण आलो होतो. समोर मापवाली बाई, तिच्या हातात कागदांची चळत. आणि पोटोबा तिला म्हणतायत, “घ्या माप. छातीपासून सुरू करा, पोटाला वेळ लागेल.”

बाई वयानं लहान, नुकतीच शिकून बाहेर पडलेली. ती एकदा पोटोबांच्या पसरलेल्या हातांकडे बघत होती, एकदा आपल्या कागदांकडे. “आजोबा, तुम्ही बसा ना. हे बसूनच करायचं असतं.”

“बसून माप चुकतं. मागच्या खेपेला बसून घेतलं, तर झगा पोटावर असा ताणला, असा ताणला, की बटण उडालं ते थेट एका डॉक्टरीणबाईच्या चष्म्यावर. तेव्हापासून नाडीवर भागवतोय.”

चूक तशी कुणाचीच नव्हती. हॉस्पिटलमधून मोठ्या सिस्टरांचा फोन आला होता, “उद्या तुमच्या स्वभावाचं माप घ्यायला एक बाई येतील.” नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली आणि ‘स्वभावाचं’ हा शब्द तिनं गिळला. उरलं नुसतं माप. पोटोबांना वाटलं, चला, अखेर नवा झगा शिवतायत! म्हणून सकाळपासून दाढी-बिढी करून, पोटभर खायचं सोडून, अर्ध्या पोटी तयार.

काकू, म्हणजे पोटोबांच्या सौभाग्यवती, स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, “अहो, हात खाली घ्या. ती शिंपीण नाही. तुमचा स्वभाव मोजायला आलीय.”

“स्वभाव?” पोटोबांनी रोखलेला श्वास सोडला, आणि पोट आपल्या जागी परत आलं. “तो कशानं मोजतात?”

“कशानं का मोजेनात,” काकू आत वळता वळता म्हणाल्या, “टेप कमी पडणार.”

आता हा झगा कसला आणि पोटोबा कोण, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. पोटोबांनी चौतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या बाळंतपणाच्या वॉर्डात ट्रॉली ढकलली. दारापासून वॉर्डात, वॉर्डातून ऑपरेशनच्या खोलीत. त्यांच्या ट्रॉलीचं एक चाक कायम कुरकुरायचं, आणि त्यांचं तोंड त्या चाकापेक्षा जास्त. कळा देणाऱ्या बाईला ते दारापासून गोष्ट सांगायला लागायचे, आणि गोष्ट संपायच्या आत बाळ झालं तर पोटोबांनाच हुरहुर लागायची. मग दुसऱ्या दिवशी खाटेशी जाऊन उरलेली गोष्ट पुरी करून यायचे. खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर. बाकी जगाला पोटोबा, कारण पन्नाशीनंतर दारातून पहिलं पोट आत यायचं, आणि थोड्या वेळानं पोटोबा.

त्या पोटानंच निवृत्तीनंतर त्यांना परत नोकरी लावली. नोकरी म्हणजे फुकटचीच, पण नोकरीच. असं झालं की ते एकदा सहज वॉर्डात चक्कर टाकायला गेले, आणि जुन्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाजूनं पाहिलं. “हलू नका!” बाई ओरडल्या. “आठवा महिना! हुबेहूब आठवा महिना!”

त्या वॉर्डात दर गुरुवारी दुपारी एक सराव चालतो. पोटुशी बाई अचानक कोसळली, हृदय थांबलं, तर काय करायचं, त्याची रंगीत तालीम. छाती दाबायला रबरी पुतळा आहे, कारण जित्या माणसाची छाती तशी दाबली तर सरावातच बरगड्या मोडायच्या. पण पुतळ्याला पोट नाही. आणि या सगळ्या प्रकरणात पोट तर फार महत्त्वाचं. बाळाचं ओझं बाईच्या पाठीकडच्या मोठ्या शिरेवर बसतं. बागेतल्या नळीवर कुणी पाय देऊन उभं राहावं तसं. मग वर छाती कितीही दाबा, खालून रक्तच परत येत नाही, तर हृदय ढकलणार काय? म्हणून एकानं छाती दाबत राहायची आणि दुसऱ्यानं दोन्ही हातांनी पोट उचलून डावीकडे सरकवून धरायचं. चार मिनिटांत हृदय चालू झालं नाही तर बाईला कुठंही हलवायचं नाही, आहे त्या खाटेवर पोट उघडून बाळ बाहेर घ्यायचं. पाचव्या मिनिटाला बाळ बाहेर. ते बाळासाठी तर खरंच, पण आधी आईसाठी.

तर दोन खाटा शेजारी शेजारी लावायच्या. एकीवर पुतळ्याची छाती, दुसरीवर पोटोबांचं पोट. एकच बाई दोन खाटांवर मेलेली! चार मिनिटं झाली की पोटोबांच्या झग्यावर खडूनं आडवी रेघ ओढायची आणि उशीखालून कापडी बाळ काढायचं. आजवर पोटोबांना एकशे अकरा बाळं झाली. सगळी सुखरूप.

यात पोटोबांचा स्वतःचा एक शब्द आहे. तो कसा आला तेही सांगतो, मग आपण परत मापवालीकडे जाऊ, ती कुठं पळत नाही. खूप वर्षांपूर्वी, पोटोबांच्या डोक्यावर केस होते तेव्हाची गोष्ट. ट्रॉलीवरच एका बाईचं हृदय थांबलं. डॉक्टरीणबाई छाती दाबायला लागल्या आणि पोटोबांना ओरडल्या, “पोट डावीकडे घ्या!” पोटोबा ट्रॉलीच्या पायथ्याशी. त्यांनी जीव खाऊन पोट डावीकडे लोटलं. म्हणजे स्वतःच्या डावीकडे! समोर तोंड करून उभ्या माणसाचं डावं ते झोपलेल्या बाईचं उजवं. खाडकन हातावर चापट बसली. “तुझं डावं नव्हे रे शहाण्या, तिचं डावं!” बाई वाचली. बाळही वाचलं, ते आता दाढी करतं. पण ती चापट पोटोबांच्या मनगटावर अजून आहे असं ते म्हणतात, आणि गार पाण्यात हात घातला की दुखते असंही म्हणतात. ते आपण सोडून देऊ.

तेव्हापासून पोटोबांनी वॉर्डाला एक शब्द दिला. ‘पोट डावीकडे सरकवून धरा’ एवढं लांबण लावायला वेळ कुणाला? नुसतं ओरडायचं, “डावल!” चार-पाच वर्षांत आया, डॉक्टर, झाडूवाली, सगळे तेच म्हणायला लागले. बाई आली, कोसळली, डावला! “तू कधी डावललंस का?” “हो, काल दोनदा.” बाहेरच्या माणसानं ऐकलं तर वाटावं, केवढी ही भांडखोर माणसं.

मग आल्या नव्या मोठ्या सिस्टर. कडक इस्त्रीच्या. त्यांना हा शब्द मंजूर नव्हता. त्यांनी भिंतीवर छापील कागद लावला, ‘गर्भाशयाचे डावीकडे विस्थापन करावे.’ पोटोबा म्हणाले, “सिस्टर, एवढं म्हणेपर्यंत पेशंट आणि म्हणणारा दोघंही गार पडतील.” तिथं बिनसलं. त्यात पोटोबांची दुसरी खोड म्हणजे मेल्यावर गप्प राहत नसत. डोळे मिटून पडलेले असायचे आणि मधेच, “अगं, ती सुई हातात लाव, पायात नको, खालचं औषध वर पोचायचं नाही.” किंवा, “तिसरं मिनिट झालं, बाळाचे डॉक्टर कुठं उलथले?” शिकणाऱ्या पोरी खुदुखुदु हसायच्या. सिस्टरांनी शेवटी स्पष्ट सांगितलं, “सत्तरीपुढच्या सगळ्या मदतनिसांची तपासणी होणार आहे. ती होऊ दे. आणि येत्या गुरुवारी मेल्यावर तुम्ही एक शब्द जरी बोललात, तर तो तुमचा शेवटचा गुरुवार.”

गुरुवार गेला तर पोटोबांकडे उरणार काय? सहा वार आणि टीव्ही. ते काकूंना काही बोलले नाहीत, पण त्या रात्रीपासून दुसरी पोळी नको म्हणायला लागले. काकूंना तेवढ्यावरून कळलं.

तर मापवाली. तिनं कागद पुढं केला. पोटोबांनी चष्मा लावला, काढला, कागद हातभर लांब धरला. “ही अक्षरं आहेत की मुंग्या? साखर सांडली होती का यावर?”

“मी वाचते, आजोबा. प्रत्येक वाक्याला सांगायचं, पूर्ण सहमत, थोडं सहमत, दोन्ही नाही, थोडं असहमत, पूर्ण असहमत. पहिलं. ‘मी खूप बोलतो.’”

“पूर्ण सहमत.”

“‘मला पार्ट्यांमध्ये मिसळायला आवडतं.’”

“बोलावतं कोण? पण सहमत लिहा. बोलावलं तर जाईन.”

“‘मी वेळेवर कामं पुरी करतो.’”

“सहमत, सहमत.”

“‘मी अबोल आहे.’”

“पूर्ण सहमत.”

मापवालीनं पेन थांबवलं. “आजोबा, तुम्ही खूप बोलता यालाही सहमत आणि अबोल आहात यालाही?”

पोटोबा जरा ओशाळले. “असं बघा, तुम्ही एवढ्या उन्हातून आलात. एक जिना चढलात. तुमच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? जरा काहीतरी तुमच्याही मनासारखं व्हावं.”

मापवालीनं कागदाच्या कडेला बारीक अक्षरात लिहून घेतलं. तिला शिकवलं होतं की म्हातारी माणसं भिडेपोटी सगळ्यालाच होकार देतात, तो होकार धरायचा नसतो. पण भीड कशी दिसते, ते तिनं आजच बघितलं. “आजोबा, नाही म्हटलंत तरी मला राग येणार नाही. खरं सांगा.”

“बरं. मग खरं सांगतो,” पोटोबा सावरून बसले. आणि इथंच घोळ झाला, कारण नेमकं पुढचं वाक्य आलं, “‘मी इतरांना डावलतो.’”

पोटोबांचा चेहरा उजळला. अहो, वॉर्डातला शब्द पार कॉलेजच्या कागदावर छापून आला! “पूर्ण सहमत! हे मात्र भिडेपोटी नाही. चौतीस वर्षं डावलत आलोय.”

“कुणाला?”

“बायकांनाच! पुरुषांना कशाला डावलू?”

मापवालीनं खूण केली आणि पुढचं वाक्य वाचलं. “‘लोक मला डावलतात.’”

“दर गुरुवारी. दुपारी तीन वाजता. पाच-पाच, सहा-सहा जणी आळीपाळीनं.”

“मग… तुम्हाला वाईट नाही वाटत?”

“छे! गुदगुल्या होतात. पण नेटानं डावलावं लागतं, पोरी. दोन्ही हात लावून. अर्धवट डावलण्यात काही अर्थ नाही. माणूस जातो.”

मापवालीनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग तिनं दुसरा कागद काढून काकूंकडे दिला. त्याची अशी पद्धत असते, की माणसानं स्वतःबद्दल सांगायचं आणि त्याला जवळून ओळखणाऱ्यानं त्याच्याबद्दल वेगळं सांगायचं, मग दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायचं. काकूंनी आत जाऊन, दार लोटून, कणकेच्या हातानं खुणा केल्या. ‘ही व्यक्ती अबोल आहे’, इथं त्यांनी पूर्ण असहमतवर एवढ्या जोरात फुली मारली की कागद फाटला. आणि ‘ही व्यक्ती इतरांना डावलते’, इथं लिहिलं, “कधीच नाही. रस्त्यात कुणी वेळ विचारली तरी त्याला घरी घेऊन येतात.” घरातलं डावलणं वेगळं, वॉर्डातलं वेगळं. काकू वॉर्डात कधी गेल्याच नव्हत्या.

मापवाली गेली ती काळजीतच. एकाच माणसाबद्दल नवरा म्हणतो मी बायकांना डावलतो, बायको म्हणते हा देवमाणूस. तिनं सिस्टरांना फोन केला, “निष्कर्ष लिहायच्या आधी मी त्यांना काम करताना एकदा बघते.”

गुरुवार उजाडला. निघताना काकू दारात म्हणाल्या, “अहो, पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं तोंड मिटून पडायचं. घोरलात तरी चालेल.”

“अगं, मेलेला माणूस घोरतो होय?”

“मग बोलतो होय?”

पोटोबा वाटभर ओठ दाबून गेले. रिक्षावाल्यालासुद्धा बोटानं रस्ता दाखवला. त्या नादात वळण चुकलं, तरी गप्प.

झगा चढवला, खाटेवर पडले. त्या दिवशी नेमक्या दोन शिकाऊ डॉक्टरीणबाई आजारी. पोटोबांच्या उजव्या अंगाला झटका द्यायचं यंत्र उभं केलेलं, डाव्या अंगाला पुतळ्याची खाट चिकटलेली. पोट धरायला माणूसच कमी. मोठ्या सिस्टर बाह्या दुमडून म्हणाल्या, “मी धरते,” आणि जागा होती तिथं, म्हणजे पायथ्याशी, उभ्या राहिल्या. कोपऱ्यात स्टुलावर मापवाली, मांडीवर कागद.

“पेशंट कोसळली! घड्याळ लावा!”

पोटोबांनी डोळे मिटले. शेजारी पुतळ्याची छाती दणादण दबायला लागली. कुणीतरी ओरडलं, “डावला! पोट डावला!” कोपऱ्यात मापवाली ताडकन उभी राहिली. तिच्या मांडीवरचे कागद घसरून खाली पडले. तिला एका क्षणात सगळं कळलं, चौतीस वर्षं, बायका, गुदगुल्या, सगळंच.

आणि पोटोबांना पोटावर दोन भक्कम हात जाणवले. सिस्टरांनी खरोखर नेटानं पोट उचललं. उत्तम उचललं. आणि सरकवलं.

डावीकडे. स्वतःच्या.

पोटोबांचं पोट उजवीकडे जायला लागलं, आणि त्यांच्या मनगटावर ती जुनी चापट सणकली. एक डोळा किलकिला करून त्यांनी बघितलं. पोरी सिस्टरांचे हात बघतायत, आणि मनात टिपून घेतायत, की असं करायचं असतं. सिस्टरांना कोण सांगणार? एकाही पोरीची छाती होत नव्हती.

“एक मिनिट झालं!”

पोटोबांनी आधी मेलेल्याच्या मर्यादेत राहून उपाय केला. पोट आपणहून हळूच डावीकडे झुकवलं. सिस्टरांनी परत उजवीकडे ओढलं. पोटोबांनी परत झुकवलं. “पेशंट घसरतेय, नीट धरा,” सिस्टर म्हणाल्या आणि आणखी जोर लावला. पोटोबांनी दात आवळले. काकू आठवल्या. सहा वार आठवले. टीव्ही आठवला.

“दोन मिनिटं!”

“तिचं डावं!” पोटोबा खाटेवरून ओरडले. “तुमचं नव्हे, तिचं डावं, सिस्टर! पलीकडे, तिकडे डावला!”

छाती दाबणारी थांबली. “तू का थांबलीस? दाब, दाब!” पोटोबा तिच्यावरही ओरडले, आणि मग आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. ते उठून बसले. झग्याची नाडी सोडायला लागले. गाठ काही केल्या सुटेना.

सिस्टरांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग पोटोबांच्या पोटाकडे. मग भिंतीवरच्या त्यांच्याच छापील कागदाकडे, जिथं डावीकडे असं लिहिलं होतं पण कुणाच्या डावीकडे ते नव्हतं. सिस्टर पावलं मोजत भिंतीपाशी गेल्या. खिशातलं पेन काढून त्यांनी त्या कागदावर ‘डावीकडे’च्या आधी एक शब्द घुसडला, ‘तिच्या’. वर लहान अक्षरात आणखी एक लिहिलं, ‘डावला’. मग वळून पोटोबांना म्हणाल्या, “मेल्यावर बोलायचं नाही असं ठरलं होतं.”

“ठरलं होतं,” पोटोबा पुटपुटले. नाडीची गाठ आता पार निरगाठ झाली होती.

“नाडी सोडू नका,” सिस्टर म्हणाल्या. “दोन मिनिटं वाया गेली आहेत. सगळं पहिल्यापासून घ्यायचंय. आणि तुमच्याशिवाय ते कसं घेणार?” मग मापवालीकडे वळून, “तुमच्या कागदात शेवटचा रकाना असतो ना, हे काम पुढं करायला तुम्ही स्वतःला योग्य समजता का, तो? विचारा त्यांना. मी आडवी येत नाही. जे म्हणतील ते अक्षर न अक्षर लिहा.”

मापवालीनं जमिनीवरचे कागद गोळा केले, ‘डावलतो’समोरच्या खुणेवर आडवी रेघ मारली, आणि विचारलं. पोटोबांनी नाडीचा नाद सोडला, उशी नीट केली, आणि जे सांगितलं ते त्या रकान्यात आजही जसंच्या तसं आहे:

“मी अबोल आहे, पूर्ण सहमत. पण पोट चुकीच्या अंगाला जात असेल तर मेलेल्यानंसुद्धा बोललंच पाहिजे, यालाही पूर्ण सहमत. आता यंत्र तेवढं बाजूला घ्या, सिस्टरांना माझ्या उजव्या अंगाला उभं करा, आणि घड्याळ लावा. मी मेलो.”